वाचकांचे प्रश्न : ग्रीक शोकात्मिका आणि आफ्रिकी रंगभूमी

प्रश्न : आफ्रिकेतील नाटककार ग्रीक शोकात्मिकांकडे वारंवार वळतात. वसाहतकाळातील शिक्षणाने लावलेली ही अनुकरणाची सवय नव्हे काय?

उत्तर : या नाटककारांपैकी अनेकांना ग्रीक साहित्य भेटले ते वसाहतकाळात रुजलेल्या शिक्षणातून, हे खरेच आहे, परंतु हाती आलेल्या कथेचे त्यांनी काय केले, हे पाहिल्यावाचून तिला अनुकरण म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

नायजेरियाचे ओला रोटिमी यांचे ‘द गॉड्स आर नॉट टू ब्लेम’ हे नाटक १९६८ मध्ये प्रथम रंगमंचावर आले, तेव्हा त्या देशात यादवी युद्ध चालू होते. त्याचा आधार आहे ग्रीक नाटककार सोफोक्लीजची ईडिपस राजावरील शोकात्मिका. तू पित्याला मारशील आणि मातेशी विवाह करशील, असे भाकीत असलेला सोफोक्लीजचा ईडिपस नकळत आपल्या पित्याला ठार करतो, ते वाट कोणी सोडायची या भांडणात. रोटिमींचा नायक, नायजेरियातील योरुबा जमातीचा ओडेवाले, मात्र भडकतो तो कंदाच्या शेतावर आलेल्या एका वृद्धाने त्याच्या बोलीचा आणि जमातीचा उपहास केल्यामुळे, आणि तो वृद्ध म्हणजेच त्याला जन्म देणारा राजा असतो. भाकीत तेच राहते, दोष मात्र जागा बदलतो. अखेरीस ओडेवाले स्वतःच सांगतो की देवांना बोल लावू नका, जमातीचा अभिमान दुखावताच पेटून उठणे ही माझी दुर्बलता होती. जमातींमधील अविश्वासापायी माणसे मरत असताना प्रेक्षकांना हे ऐकवणे धाडसाचेच होते.

नायजेरियाचेच वोले सोयिंका यांनी १९७३ मध्ये ग्रीक नाटककार युरिपिडीजच्या ‘बॅकाय’ या शोकात्मिकेला नवे रूप देताना मद्य आणि उन्मादाचा ग्रीक देव डायोनिसस याचे नाते योरुबांच्या ऑगून या लोखंडाच्या आणि युद्धाच्या देवाशी जोडले आणि गुलामांचा स्वतंत्र वृंद, म्हणजे एकत्र बोलणारा-गाणारा समूह, उभा केला.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत अ‍ॅथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी मिळून ‘द आयलंड’ रचले. वर्णभेदी राजवटीचे राजकीय कैदी जेथे ठेवले जात, त्या रॉबेन बेटावरील कैद्यांनी ‘अँटिगनी’चा, म्हणजे राजाज्ञा मोडून भावाचे दफन करणाऱ्या तरुणीवरील सोफोक्लीजच्या शोकात्मिकेचा, प्रयोग खरोखरच केला होता, आणि त्यात ती आज्ञा देणाऱ्या क्रेऑन राजाची भूमिका नेल्सन मंडेलांची होती. ‘द आयलंड’मधील दोन कैदीही तेच नाटक बसवतात. त्यांपैकी जन्मठेप भोगणारा विन्स्टन नावाचा कैदी आधी अँटिगनीसाठी स्त्रीवेष घेण्यास लाजतो, चिडतो, नकार देतो. प्रयोगात मात्र अँटिगनीचे शब्द उच्चारता उच्चारता तो डोक्यावरचा टोप काढून फेकतो आणि उरलेले बोलणे स्वतःचे म्हणून बोलतो.