सोनोग्राफी पोटावरून की आतून?

‘मॅडम, सेंटरवाले आतून सोनोग्राफी करायची म्हणतात. हिचं लग्न व्हायचंय अजून!’ नौपाड्यातल्या एका काकूंनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. सव्वीस वर्षांची लेक मान खाली घालून हातातल्या फाइलचा कोपरा दुमडत होती. ‘आतून’ म्हणजे योनीमार्गात प्रोब (सोनोग्राफीची बारीक दांडी) घालून. ही भीती ठाण्यात माझ्यापुढे वरचेवर येते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काकूंना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली. अशा वेळी मुलीशी एकटीशी बोलणं मला फार गरजेचं वाटतं, कारण आईसमोर ती नीट ‘हो’ही म्हणत नाही आणि ‘नाही’ही. ती म्हणाली, ‘शरीरसंबंध कधी आलेले नाहीत. मला आतून तपासणी नकोय.’ एवढं पुरेसं होतं. ही तपासणी संमतीशिवाय होत नाही.

‘पण मग पीसीओएसचं निदान चुकेल ना?’ तिने विचारलं. पीसीओएस म्हणजे हार्मोन्सचं संतुलन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास.

तिने मोबाइलमधल्या नोंदी दाखवल्या. वर्षभरात पाळी पाचच वेळा. हनुवटीवरच्या जाड केसांसाठी दर आठवड्याला थ्रेडिंग. अशीच लक्षणं देणारे हार्मोनचे दुसरे आजार नाहीत ना, हे बघणारे थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएचपी हे रिपोर्ट नॉर्मल. पीसीओएसच्या निदानाला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत पॉलिसिस्टिक, म्हणजे बारीक फॉलिकल (अंड्यांच्या छोट्या पिशव्या) जास्त असलेल्या किंवा आकाराने मोठ्या ओव्हरीज (अंडाशय). हिच्यात पहिल्या दोन होत्याच. निदानासाठी सोनोग्राफीची गरजच नव्हती!

तिच्या डॉक्टरांना फोन केला. पाळी लांबत असल्यामुळे त्यांना गर्भाशयाचं अस्तर बघायचं होतं, ते पोटावरून चालेल म्हणाल्या.

आतून केलेल्या सोनोग्राफीत प्रोब ओव्हरीच्या जवळ असतो, त्यामुळे बारीक फॉलिकल मोजता येतात. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एका ओव्हरीत २० किंवा जास्त असतील तर ती पॉलिसिस्टिक धरतात. पोटावरून, तेही लघवी तुंबवून केलेल्या तपासणीत तेवढं नेमकं मोजता येत नाही, म्हणून ओव्हरीच्या आकारावर भर देतात: १० मिली किंवा जास्त. ज्यांना संकोच नाही, त्यांनी आतून जरूर करावी. लघवी तुंबवावी लागत नाही, प्रोबवर नवं कव्हर असतं, महिला डॉक्टर मागता येतात आणि मध्येच ‘थांबा’ही म्हणता येतं. मोठ्या माणसांत एएमएच ही रक्ततपासणीही सोनोग्राफीऐवजी चालते.

निघताना काकू म्हणाल्या, ‘धाकटी सोळाची आहे, तिचीपण करून घेऊ का?’ मी कळकळीने नको म्हटलं. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं निदानासाठी सोनोग्राफी करू नये, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या ओव्हरीजही पुष्कळदा तशाच दिसतात. एएमएचही त्या वयात निदानाला घेत नाहीत. तिची पाळी बिघडली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, सेंटर नंतर.

थोरलीला शुगर आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या करायला सांगितलंय. पुढच्या भेटीला ती एकटीच येणार आहे. हनुवटीच्या केसांपायी तिने ऑफिसात जेवायच्या टेबलावर बसणं सोडलंय, त्याबद्दल बोलायचंय.