ब्लू-स्ट्राइप पाइपफिश सोलापुरात पाळता येईल का?

लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर पाहिलेला मासा सोलापुरात घरच्या टाकीत पाळता येईल का, असं तुम्ही विचारलंय. खडकाच्या फटीत तुम्ही पाहिलेला तो बोटाएवढा मासा, नारिंगी अंग, मधून निळा पट्टा, पंख्यासारखी शेपटी, म्हणजे ब्लू-स्ट्राइप पाइपफिशच. शास्त्रीय नाव डोरिऱ्हॅम्फस एक्सिसस. पोटाखाली अंडी दिसली म्हणून तुम्ही त्याला मादी म्हटलंय, पण तो नर आहे! समुद्रघोड्याच्याच कुळातला हा मासा. या कुळात मादी अंडी नराच्या हवाली करते आणि पिलं निघेपर्यंत तोच ती अंगावर वागवतो. समुद्रघोड्याची पिशवी शेपटीवर असते, याची अंडी मात्र पोटाखाली. नराच्या नळीसारख्या तोंडावर बारीक खडबडीत उंचवटेही असतात, मादीचं तोंड गुळगुळीत.

पूर्व आफ्रिकेपासून थेट मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत हा सापडतो, पण एकेका माशाचं जग म्हणजे प्रवाळातली एखादी कपार. बहुधा जोडीनं राहतात. कपारीच्या छताखाली उलटा तरंगतानाही दिसतो, आणि सी-अर्चिन या लांब काट्यांच्या गोलसर समुद्री जिवाजवळही आसरा घेतो. मोठा मासा फटीशी थांबला की पुढं येऊन त्याच्या अंगावरचे परजीवी टिपतो. सात सेंटिमीटरच्या जिवाचं हे धाडस मला फार आवडतं.

आता टाकीचं. कायद्याचं आधी: 2001 मध्ये हे अख्खं कूळ आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आलं. त्यामुळे समुद्रातून पकडून आणायचा विचारच नको, आणि दुकानदार देतो म्हणाला तरी घेऊ नका.

दुसरं म्हणजे याचं पोट. या कुळातल्या माशांना दात नाहीत आणि जठरही नाही. कोपेपॉडसारखे सूक्ष्म जीव नळीतून ओढून गिळायचे, आणि खाल्लेलं साठवायला जागा नसल्यामुळे दिवसभर टिपत राहायचं. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणे टाकून हा जगत नाही. नव्या टाकीत कोपेपॉड पुरेसे नसतात. मासा हळूहळू खंगतो आणि आपल्या उशिरा लक्षात येतं.

त्यात आपला मे महिना. बाहेर चाळिशीपार, आणि रीफ टाकीचं, म्हणजे प्रवाळातल्या जिवांसाठीच्या खाऱ्या टाकीचं, पाणी साधारण 25 ते 27 अंशांवर हवं. पाणी थंड ठेवणारा चिलर लागतोच, आणि वीज गेली तर इन्व्हर्टरवर तो किती वेळ चालेल हे आधी तपासा. नळाचं पाणी थेट वापरू नका, आरओ करूनच त्यात समुद्री टाकीसाठीचं मीठ मिसळा.

समुद्री टाकी करायचीच असेल तर टाकीतच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी घ्या. ती दाणे खाते. मासे आणण्याआधी महिनाभर टाकी रिकामी चालवा आणि माशांना घातक असलेला अमोनिया शून्यावर आलाय का ते टेस्ट किटनं बघा.