वाचकांचे प्रश्न : प्रायव्हेट पार्किंगवाल्यांना वेसण घालणारा कायदा अडलाय कुठे?

मागच्या अंकात आम्ही एवढंच लिहिलं होतं की ब्रिटनमध्ये प्रायव्हेट पार्किंग कंपन्यांवर नियंत्रण आणणारा कायदा २०१९ सालीच पास झालाय पण त्यातली नियमावली अजून लागू नाही, तर त्यावर मेलबॉक्स भरून गेला. स्लाऊ, लेस्टर, ग्लासगो, मिल्टन कीन्स, सगळीकडून एकच सूर, की घरी नोटीस आलीये, आता काय करू. सगळी पत्रं छापता येणार नाहीत म्हणून त्यातली काही निवडलीत.

स्लाऊहून एक वाचक : सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये वीसेक मिनिटं जास्त थांबलो, आता १०० पौंडांची नोटीस आलीये, १४ दिवसांत भरले तर ६०. ऑफिसमधले जुने लोक म्हणतात फाडून टाक, प्रायव्हेट कंपनीच्या कागदाला कोण विचारतं. खरंय का?

फाडू नका हो दादा. हा सल्ला एकेकाळी बरा होता, तेव्हा गाडी कोण चालवत होतं हे कंपनीला सिद्ध करावं लागायचं आणि ते जमायचं नाही. पण २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टनं एक देवाणघेवाण केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत गाडीच्या चाकाला क्लॅम्प म्हणजे कुलूप लावायला बंदी आली, लोक खूश झाले, पण बदल्यात कंपन्यांना गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडून म्हणजे कीपरकडून पैसे मागायचा हक्क मिळाला. १ ऑक्टोबर २०१२ पासून हे चालू आहे. आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये पार्किंगआय ही कंपनी विरुद्ध बीव्हिस हा खटला थेट सुप्रीम कोर्टात गेला. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमध्ये दोन तास फुकट पार्किंग होतं, हे बीव्हिस ५६ मिनिटं जास्त थांबले, ८५ पौंड मागितले गेले. कोर्ट म्हणालं की रक्कम अवाजवी नाही, जागा लोकांसाठी मोकळी होत राहावी यात मालकाचा रास्त हेतू आहे, पाटी ठळक होती, तेव्हा भरा. त्या दिवसापासून "याला कायदेशीर किंमत नाही" हे वाक्य निकालात निघालं, फक्त ऑफिसच्या किचनमध्ये अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

म्हणजे लगेच ६० पौंड भरून मोकळं व्हा असंही नाही. आधी तारखा बघा. कॅमेऱ्यानं नंबरप्लेट टिपली असेल आणि काचेवर काही चिकटवलं नसेल तर कीपरला नोटीस १४ दिवसांच्या आत पोचायला लागते. उशीर झाला तर कीपरला जबाबदार धरता येत नाही, ड्रायव्हर कोण होतं ते त्यांनी शोधावं, आणि ते सांगायची सक्ती तुमच्यावर नाही, त्यामुळे अपील लिहिताना "मी गाडी लावली" असं लिहूच नका, "गाडी लावली गेली" असं लिहा. मग पाटीचे फोटो काढा, दिव्याखाली होती का, अक्षरं वाचता येत होती का. मुदत संपल्यावर १० मिनिटांची सवलत धरली का तेही बघा, कारण कॅमेरा गेटमधून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजतो, जागा शोधत तीन चकरा मारल्या तो वेळसुद्धा त्यातच. आणि सगळ्यात सोपी गोष्ट लोक करतच नाहीत, दुकानाच्या मॅनेजरला जाऊन भेटा, खरेदीची पावती दाखवा. जागा त्यांची असते, कंपनी त्यांनी नेमलेली असते, त्यांनी मनात आणलं तर नोटीस रद्द होते.

लेस्टरहून एक वाचक : कायदा झाला म्हणता, मग दंड अजून १०० पौंडच कसा? संसदेत पास झालेली गोष्ट लागू व्हायला एवढी वर्षं?

सर ग्रेग नाइट नावाचे हुजूर पक्षाचे खासदार होते, ईस्ट यॉर्कशायरचे, त्यांनी २०१७ मध्ये खासगी विधेयक आणलं. खासगी विधेयकं बहुतेक वेळा वाटेतच मरतात पण याला सगळ्या पक्षांतून पाठिंबा मिळाला, कारण पार्किंगच्या तक्रारी घेऊन येणारे मतदार सगळ्यांकडेच होते. १५ मार्च २०१९ ला राणीची संमती मिळून पार्किंग (कोड ऑफ प्रॅक्टिस) ॲक्ट तयार झाला.

आता गोम अशी की या कायद्यात स्वतःचा असा दंडाचा आकडाच नाही. तो मंत्र्यांना एवढंच सांगतो की एक नियमावली तयार करा, आणि जी कंपनी ती पाळणार नाही तिला डीव्हीएलएकडून, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून, गाडीमालकाचा पत्ता द्यायचा की नाही हे त्यावरून ठरवा. खरी नाडी इथेच आहे बघा. कंपनीकडे तुमचा फक्त नंबर असतो, नावपत्ता डीव्हीएलए देतं, एका नोंदीमागे अडीच पौंड घेऊन, आणि अशा वर्षाला एक कोटीहून जास्त नोंदी मागितल्या जातात. पत्ता मिळणं बंद झालं की कॅमेऱ्यावरचा धंदा बसला. सध्या पत्ता मिळवायला दोनपैकी एका संघटनेचं सभासद असावं लागतं, ब्रिटिश पार्किंग असोसिएशन किंवा इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी, आणि या दोन्ही संघटना कंपन्यांच्याच.

नियमावली आली फेब्रुवारी २०२२ मध्ये. लंडनबाहेर साध्यासुध्या चुकांना ५० पौंडांची मर्यादा, वसुलीच्या नावाखाली वर चढवले जाणारे ७० पौंड पूर्ण बंद, शिवाय एकच स्वतंत्र अपील यंत्रणा आणायचा बेत. कंपन्या कोर्टात गेल्या, म्हणाल्या की आकडे ठरवताना सरकारनं आमच्यावरच्या परिणामाचा नीट अभ्यास केला नाही, आणि जून २०२२ मध्ये सरकारनं नियमावली मागे घेतली. तात्पुरती म्हणून. २०२३ मध्ये पुन्हा मतं आणि पुरावे मागवले, मग निवडणूक, सरकार बदललं, आणि जुलै २०२५ मध्ये लेबर सरकारनं नव्यानं प्रस्ताव मांडून परत लोकांची मतं मागवली. कायद्यात नियमावली काढलीच पाहिजे असं आहे, अमुक तारखेपर्यंत काढा असं कुठे लिहिलेलं नाही, त्याचा हा परिणाम.

मधल्या काळात दोन्ही संघटनांनी मिळून स्वतःचीच एक नियमावली आणली, १ ऑक्टोबर २०२४ पासून. वर सांगितलेली १० मिनिटं त्यात आहेत, नंबर टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर माफी आहे, हे चांगलंच. पण कमाल रक्कम १०० पौंडच. ज्यांनी दंड गोळा करायचा त्यांनीच दंडाची मर्यादा ठरवायची असेल तर ती खाली कशाला येईल, तुम्हीच सांगा. तुलनेला म्हणून, लंडन सोडून इंग्लंडमधल्या कौन्सिलचा पार्किंग दंड जास्तीत जास्त ७० पौंड असतो आणि लवकर भरला तर निम्मा. रस्त्यावर चुकीची गाडी लावून वाहतूक अडवली तर ७० आणि रिकाम्या मॉलमध्ये अर्धा तास जास्त बसलात तर १००, याचं समर्थन मला तरी करता येत नाही.

ग्लासगोहून एक वाचक : हे सगळं आम्हालाही लागू का?

२०१९ चा कायदा हो, तो स्कॉटलंडलाही लागू आहे. पण कीपरवर जबाबदारी टाकणारी २०१२ ची तरतूद फक्त इंग्लंड-वेल्सची, स्कॉटलंडमध्ये आजही ड्रायव्हर कोण हे त्यांना दाखवावं लागतं. त्यामुळे इंग्लंडमधल्या मित्राचं अपील कॉपी-पेस्ट करू नका, त्यातले निम्मे मुद्दे तुमच्याकडे लागू नाहीत.

हौन्स्लोहून एक वाचक : आईबाबांना हीथ्रोला सोडायला गेलो, मिठी मारली, बॅगा दिल्या, निघालो. दोन आठवड्यांनी ८० पौंडांची नोटीस. नवीन कायदा आला की हे थांबेल?

नाही थांबणार, आणि या बाबतीत लोकांच्या अपेक्षा जरा जास्तच आहेत. तासाला किती घ्यायचे, दारात थांबायचे किती घ्यायचे, हा दर जागेचा मालक ठरवतो, हा कायदा त्याला हात लावत नाही. हीथ्रोच्या टर्मिनलसमोरचं शुल्क नोव्हेंबर २०२१ ला ५ पौंडांनी सुरू झालं, २०२५ मध्ये ६ झालं. तिथे बूथ नाही, गेट नाही, कोणी थांबवत नाही, दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन किंवा फोनवर भरायचे, आणि आपण तर त्या दिवशी घरी येऊन रिकाम्या खोलीकडे बघत बसलेलो असतो. तर फोनमध्ये अलार्म लावा किंवा ऑटोपे घ्या. लाँग स्टे पार्किंगमधून सोडलं तर फुकट आहे, तिथून बस मिळते, पण आईच्या गुडघ्यांचा आणि दोन तेवीस किलोच्या बॅगांचा विचार तुम्ही करा. नोटीस लवकर भरली तर ४० मध्ये मिटते.

मिल्टन कीन्सहून एक वाचक : आम्ही वर्षात दोनदा घर बदललं. आता डेट कलेक्टरचं पत्र आलंय १७० पौंडांचं, मूळ नोटीस आम्ही पाहिलीच नाही. घरी येऊन सामान नेतील का?

ताई, आधी हे की डेट कलेक्टर म्हणजे बेलिफ (कोर्टाच्या हुकमानं सामान जप्त करणारा) नव्हे, त्याला तुमच्या दारात काहीही अधिकार नाही, त्याची पत्रं लाल अक्षरात असतात आणि त्यात "होऊ शकतं", "शक्यता आहे" हेच शब्द असतात, नीट वाचा. १०० चे १७० झाले ते वर सांगितलेले वसुलीचे ७०.

पण एका कागदाकडे दुर्लक्ष करायचं नाही, लेटर बिफोर क्लेम, म्हणजे दावा लावण्याआधीचं पत्र. उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्यानंतर कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर १४ दिवसांत पोच द्यायची, म्हणजे बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. उत्तर दिलंच नाही तर तुमच्या पाठीमागे निकाल लागतो, सीसीजे म्हणजे काउंटी कोर्टाचा निकाल, आणि तो महिन्याच्या आत भरला नाही तर सहा वर्षं रेकॉर्डवर राहतो, मॉर्गेज घ्यायला गेलात की बँक तोच आधी काढते. आपल्या आयटीवाल्या मंडळींचं इथेच फसतं, भाड्याचं घर बदललं की बँकेत, ऑफिसात, मुलांच्या शाळेत पत्ता बदलतात, लायसन्सवरही बदलतात, आणि गाडीच्या व्ही५सीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, जुनाच राहतो. ती नोंद वेगळी असते, आजच ऑनलाइन बदला, फुकट आहे. आणि कंपनीला लेखी कळवा की जुन्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस मिळाली नाही, सगळी कागदपत्रं पाठवा, यापुढे या पत्त्यावर लिहा.

रेडिंगहून एक वाचक : पोपलाकडे जावं का? आणि एमपीला लिहून काही होतं का, की नुसतंच समाधान?

आधी कंपनीकडे अपील, २८ दिवसांत. त्यांनी फेटाळलं तर पुढच्या अपिलासाठी दोन यंत्रणा आहेत, ब्रिटिश पार्किंग असोसिएशनवाल्यांसाठी पोपला, दुसऱ्या संघटनेसाठी आयएएस (आपलं कलेक्टरवालं नव्हे). पोपलाचा निकाल कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही, पण हरलात तर ६० ची सवलत बहुतेक गेलेली असते. तेव्हा पुरावा हातात असेल तरच जा.

एमपीला मात्र जरूर लिहा. डर्बीच्या एका बाईंकडे १९०६ पौंड मागितले होते, गुन्हा काय तर पार्किंगमध्ये मोबाइलला रेंज नव्हती म्हणून पैसे भरायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागले, पैसे तर त्यांनी पूर्ण भरलेले. २०२४ च्या शेवटी हे गाजलं, खासदार बोलले, कंपनीनं दावा सोडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संघटनांना स्वतःची नियमावली बदलावी लागली, आता कॅमेऱ्यावर चालणाऱ्या पार्किंगमध्ये निघण्याआधी पैसे भरले असतील तर उशिराचा दंड लावता येत नाही. पत्रात नुसता राग काढू नका, नोटिशीची तारीख, रक्कम आणि पाटीचा फोटो जोडा आणि सरळ विचारा की २०१९ च्या कायद्याखालची नियमावली लागू करायची तारीख मंत्री कधी देणार. विषय गृहनिर्माण आणि स्थानिक प्रशासन मंत्रालयाकडे आहे, ट्रान्सपोर्टकडे पाठवलंत तर दोन महिन्यांनी "आमच्याकडे येत नाही" असं उत्तर येईल.