भावाला पंधरा दिवस कुठे ठेवायचं?

प्रश्न : माझ्या ४४ वर्षांच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधं चालू आहेत, सध्या शांत असतो. माझं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि तेवढे दिवस त्याच्याजवळ थांबणारं कोणी नाही. चुलते म्हणतात, ‘मारहाण करतो असं लिहून दे आणि येरवड्याला भरती कर.’ करू का? – एक बहीण, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तसं लिहून देऊ नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८९ खाली मर्जीविरुद्ध भरती करता येते, पण ती आजाराच्या तीव्रतेवरून. घरच्यांच्या अडचणीवरून नाही. दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासतात, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ लागतोच. शांत माणसात त्यांना काही सापडणार नाही, आणि उद्या खरंच झटका आला तर तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल?

नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘समर्थ’ ही राहण्याच्या सोयीची योजना आहे, पण तिच्यातही तो बसत नाही. ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्वापुरती आहे. हाफवे होमची, म्हणजे रुग्णालयाबाहेर देखरेखीखाली राहण्याच्या घराची, सोय सरकारने करावी असं २०१७ च्या त्याच कायद्याचं कलम १८ सांगतं. प्रत्यक्षात बहुतेकांना खासगीच शोधावं लागतं.

तेव्हा आधी भावालाच विचारा, जागा दाखवून आणा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. ‘आम्ही फक्त राहायला ठेवतो, नोंदणी लागत नाही’ असं उत्तर आलं तर तिथून उठा. तात्पुरत्या देखभालीलाही नोंदणी लागते.

फॉर्मवर ‘पालक’ म्हणून सही करू नका. तो सज्ञान आहे, तुम्ही त्याच्या पालक नाही. कलम १४ नुसार तो साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याला साथ देणारं माणूस, नेमू शकतो. तुम्ही स्वतः ऑपरेशनला असाल, म्हणून फोन उचलेल असं दुसरं माणूस त्यात असू द्या. नंतर बदलता येतं. ‘रुग्णाने मागितलं तरी सोडू नये’ अशी ओळ छापलेली असेल तर ती खोडा. स्वतःच्या संमतीने राहिलेल्याला कलम ८८ नुसार मागताच सोडावं लागतं; तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. म्हणजे तो मधेच घरी येऊ शकतो, तेव्हा घराची किल्ली शेजारी कुणाकडे तरी हवीच.

भावाला ठेवलेल्या संस्थेने त्याला अडवलं तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिला म्हणून तुम्हाला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.