कळलावी घरी लावताना: वाचकांचे प्रश्न

पावसाळी देशी वेलींवरच्या मागच्या लेखात कळलावीबद्दल मी जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या. पण पत्रं आली ती बहुतेक तिच्याविषयीच. कुणी तिला अग्निशिखा म्हणतं, कुणी खड्यानाग, आणि कोकणात तीच गौरीचे हात. कंद जमिनीत जपून दर पावसाळ्यात नव्याने वर येणारी ही आपली बहुवर्षायू वेल बागेत असावी असं मला मनापासून वाटतं. मात्र ती लावण्याआधी तिची नीट माहिती करून घ्या.

ठाण्याहून एक वाचक विचारतात: गणपतीत कुंडीतली वेल फुलांनी भरली होती. दिवाळीनंतर पिवळी पडून पार वाळली. रोज पाणी घालतोय, तरी फुटवा नाही. मेली का?

मेली नाही, झोपली आहे. पण तुमचं रोजचं पाणी तिला मारेल, ते आजच थांबवा. पाऊस सरला की कळलावीचा वरचा भाग वाळतो. जुना कंद आकसून संपतो आणि त्याच्या जागी मातीत नवा, दोन फाट्यांचा कंद तयार झालेला असतो. हा कंद कोरड्या मातीत स्वस्थ पडून राहायला हवा. वाळलेली वेल मातीलगत कापा आणि कुंडी दुसऱ्या झाडांचं पाणी ठिबकणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा. त्या रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीवर नावाची पाटी जरूर लावा, नाहीतर घरातलं कुणीतरी तिच्यात कोथिंबीर पेरतं. मेअखेरीस थोडं पाणी द्या, किंवा सरळ पहिल्या पावसाची वाट पाहा. हिवाळ्यात काळजीपोटी घातलेल्या पाण्याने कुजलेले कंद मी खूप पाहिले आहेत.

नाशिक: ऑनलाइन मागवलेला कंद लावून दीड महिना झाला. वर काहीच नाही.

हलक्या हाताने माती बाजूला करा आणि कंद दाबून पाहा. टणक असेल तर थांबा, मऊ पडला असेल तर तो गेला. टणक असूनही उगवत नसेल, तर टोकं तपासा. बटाट्याला जागोजागी डोळे असतात, तसं इथे नसतं. इंग्रजी व्हीसारख्या या कंदाच्या प्रत्येक फाट्याला डोळा एकच, तोही अगदी टोकाला. वाहतुकीत टोक मोडलं की त्या फाट्यातून काही येत नाही. म्हणून विकत घेताना जाडीपेक्षा टोक बघा. कंद आडवा ठेवून वर दोन-तीन इंच माती घाला. लाल माती, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत पुरे. नुसतं कोकोपीट नको, ते फार ओल धरतं. कुंडी बारा इंच तरी खोल हवी, आणि कंद हाताळताना हातमोजे घाला.

सातारा: जाड बांबूचा आधार दिला, तरी वेल खाली लोळते.

एकदा पानाचं टोक जवळून बघा. या वेलीला वेगळे ताणे नसतात. पानच निमुळतं होत शेवटी कानातल्या रिंगेसारखं वळतं आणि मिळेल ते धरतं. त्या इवल्या वळणात जाड बांबू मावणार कसा? बांबूला सुतळीची जाळी बांधा, किंवा मेंदीच्या, डाळिंबाच्या वाळक्या काटक्या रोवा. कुंपणाच्या झुडपाशेजारी लावली तर आणखी छान.

पुणे: घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. गॅलरीत ठेवली तर चालेल का?

नाही. या प्रश्नात मी सवलत देणार नाही. कळलावीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन हे विष असतं, कंदात आणि बियांत सर्वाधिक. फळ उकललं की आत लालभडक बिया दिसतात आणि लहान मूल नेमकं तिकडेच हात घालतं. कंद रताळं समजून खाल्ल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. खाल्ल्याबरोबर काही जाणवत नाही, काही तासांनी उलट्या, जुलाब आणि पोटात कळा सुरू होतात आणि तोवर विष अंगात भिनलेलं असतं. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नका, मीठपाणी पाजून ओकाऱ्या काढू नका. झाडाचा तुकडा सोबत घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठा. मुलगा मोठा होईपर्यंत गोकर्ण लावा. कुत्रं, मांजर, गाय यांच्या तोंडाशीही ही वेल नको.

सोलापूर: सासूबाई म्हणतात, दारात कळलावी लावली की घरात भांडणं लागतात.

सासूबाईंनी ऐकलेलं खूप जणांनी ऐकलं आहे. कळ लावणारी म्हणजे भांडण लावणारी, असा अर्थ त्या नावाला चिकटला. दुसरी कळ बाळंतपणाची. कळा याव्यात म्हणून पूर्वी सुईणी या कंदाचा लेप लावत. तो प्रकार आज कुणीही करू नये. झाडामुळे भांडण होत नाही, पण सासूबाईंचं मन मोडून लावू नका. श्रावणात त्यांना एखादं फूल दाखवा. खाली मान घातलेली हिरवट कळी उमलताना सहाही नागमोडी पाकळ्या मागे उलटतात, बुडाशी पिवळ्या, वर तांबड्या, आणि चार दिवसांत फूल सगळंच लाल होतं.

कोल्हापूर: काळ्या, पांढऱ्या-केशरी ठिपक्यांच्या अळ्यांनी पानं फस्त केली.

या लिलीच्या अळ्या, सुदर्शनावरही येतात. फवारणी नको. सकाळी हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. आठवडाभर नेमाने वेचलं की वेल सावरते.

चिपळूण: ट्रेकच्या वाटेवर खूप कळलावी दिसते. एखादा कंद आणला तर?

आणू नका. औषधासाठी कंद खणून खणून किती तरी ठिकाणी ती विरळ झाली आहे, आणि उपटलेल्या कंदाचं टोक बहुधा मोडतंच. रोपवाटिकेतून घ्या, किंवा कुणाच्या बागेतलं पिकलं फळ मागा. घरच्या वेलीला फळ धरत नसेल तर ब्रशने पराग कुक्षीला, म्हणजे फुलाच्या स्त्रीभागाच्या टोकाला, लावा. कुक्षीचा दांडा तळाशी काटकोनात वळून फुलाबाहेर गेलेला असतो, तो शोधावा लागतो. बी उगवायला वेळ घेतं. पहिल्या वर्षी गवतासारखी चार पानं येतात आणि वाळतात, मातीत बोटाच्या पेराएवढा कंद राहतो. फूल तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात.