फेसबुक बंद, तरी व्हिडिओ येतात कसे?

प्रश्न : म्यानमारमध्ये लष्कराने फेसबुक बंद केलं, वर्तमानपत्रांचे परवाने काढले. तरी तिथले व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर येतात. ते खरे कशावरून? पुढे पाठवावेत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : १ फेब्रुवारी २०२१ ला सत्ता घेतल्यावर लष्कराने ४ तारखेला फेसबुक अडवलं. महिन्याच्या मध्यापासून रोज रात्री १ ते सकाळी ९ नेट बंद, मार्चच्या मध्यावर मोबाइल डेटा बंद. बहुतेकांकडे नेट म्हणजे मोबाइलच, त्यामुळे हा घाव सर्वांत खोल होता. ८ मार्चला ‘म्यानमार नाऊ’, ‘डीव्हीबी’, ‘मिझ्झिमा’सह पाच माध्यमांचे परवाने गेले.

वाट उरली व्हीपीएनची. त्यात फोनमधली माहिती कुलूपबंद होऊन आधी देशाबाहेरच्या सर्व्हरवर जाते, म्हणून तुम्ही फेसबुक उघडलंय हे अडवणाऱ्याला दिसत नाही. धोका असतो तो रस्त्यावर. नाक्यावर सैनिक फोन हातात घेऊन अॅप शोधतात, त्यामुळे घराबाहेर पडण्याआधी लोक ते काढून टाकतात. १ जानेवारी २०२५ च्या सायबर कायद्याने विनापरवाना व्हीपीएन पुरवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे.

आता खरंखोटं. आधी वाहनं पाहा. म्यानमारमध्ये १९७० पासून वाहतूक उजवीकडून चालते, पण असंख्य गाड्यांचं स्टिअरिंगही उजवीकडेच असतं, कारण त्या जपानहून आलेल्या जुन्या गाड्या. भारत, बांगलादेश आणि थायलंडमध्ये वाहतूक डावीकडून. त्यामुळे गाड्या डावीकडून धावताना दिसल्या तर संशय घ्या; मात्र आधी पाटीवरची अक्षरं वाचा, कारण सेल्फी कॅमेऱ्याने चित्र उलटं झालेलं असू शकतं. पाट्यांवर गोल गोल बर्मी अक्षरं हवीत. तिथलं घड्याळ आपल्यापुढे एक तास आहे. सावल्यांशी वेळ ताडताना हे धरा. शेवटी व्हिडिओतली दोन-तीन चित्रं उलट-शोधात टाका, म्हणजे चित्र देऊन ते नेटवर आधी कुठे आलंय ते शोधा. जुना व्हिडिओ नव्या तारखेने फिरवणं हीच सर्वांत नेहमीची लबाडी.

चेहरा, आवाज किंवा गाडीचा नंबर ओळखू येत असेल तर पुढे पाठवू नका, खरा असला तरी. तिथे त्यावरून माणूस उचलला जातो. फोटोतला चेहरा झाकायला हायलायटर वापरू नका. तो पारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचं दिसतं. ठोस काळा चौकोन टाका. आणि फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर काढल्याचं ठिकाण त्यात जसंच्या तसं राहतं. पडताळणाऱ्या पत्रकाराला ते हवं असतं, गटावर ते नको.

प्रश्न : तिथे पत्रकारांवर लावतात ते ‘५०५अ’ काय आहे?

उत्तर : लष्कराने १४ फेब्रुवारी २०२१ ला दंडसंहितेत घातलेलं कलम. भीती पसरवणं, खोटी बातमी देणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद. बातमी खोटी की खरी हे ठरवणार लष्करच. ही संहिता मुळात इंग्रजांनी हिंदुस्थानासाठी केलेली. ‘केसरी’तल्या लेखांवरून १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ती ज्या राजद्रोहाच्या १२४अ खाली, ते कलम म्यानमारमध्ये आजही आहे. ती शिक्षा टिळकांनी भोगली तो तुरुंगही तिथलाच, मंडालेचा.