रवांडात राजीनामा कोणी दिला?

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय, इंदूरच्या कोणीतरी रवांडावर लिहिताना "गावोगावी मारेकरी आणि वाचलेल्यांचा राजीनामा झाला" असं लिहिलंय, हे मराठी आहे का? ताई, हसू नका, इथे इंदूरकडे कोर्टात समझोत्याला सगळे राजीनामाच म्हणतात, लोक अदालतीच्या बातमीतसुद्धा "राजीनामायोग्य प्रकरणं" असतात, म्हणजे दोन्ही पार्ट्या आपसात मिटवू शकतील अशा केसेस. आणि हा नुसता हिंदीचा असर नाही बरं का! पेशवाईत वाद पंचांपुढे गेला की वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून द्यायचे, पंच ठरवतील ते कबूल म्हणून. राजी असल्याचा कागद, बस. पुढे जमीन सोडणाऱ्या खातेदाराच्या कागदालाही तेच नाव, आणि तुमच्याकडे आता फक्त नोकरी सोडणं उरलंय.

पण रवांडाला तो शब्द बसत नाही. १९९४ मध्ये शंभरेक दिवसांत अंदाजे ८ लाख माणसं, बहुतेक तुत्सी समाजाची, मारली गेली, लाखाच्या वर आरोपी तुरुंगात आणि कोर्टं मोडकळीला आलेली, म्हणून सरकारने गाचाचा या जुन्या गावपंचायतीला कायद्यात बसवलं (नाव गवतावरून, लोक हिरवळीवर बसायचे). पूर्वी तिथे जमिनीचे, गुराढोरांचे तंटे मिटायचे, ते खरंच राजीनामा टाइप. नवीन गाचाचा २००५ पासून देशभर चालली, २०१२ ला बंद झाली, त्यात खुनाचे खटले, पंच गावाने निवडलेले, वकील नाहीत, शिक्षा मात्र तुरुंगाची. गुन्हा कबूल केला, प्रेतं कुठे आहेत सांगितलं, माफी मागितली की शिक्षा कमी. त्या सवलतीला मेलेल्याच्या बायकोची मंजुरी लागत नव्हती! मग ती राजी कुठे झाली? मनापासून माफ करणारे होते, शेजारी राहायचंय म्हणून गप्प बसलेलेही होते, आणि आरपीएफच्या (रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट, ही लढाई जिंकून सत्तेत आलेली संघटना) सैनिकांनी केलेल्या हत्या तर तिथे चालवल्याच नाहीत.

"समेट"ही नको, त्यात दोघांचंही थोडं चुकलंय असा वास येतो. जातपंचायत तर मुळीच नको. गोतसभा (जुन्या काळी तंटे सोडवणारी गावची सभा) जवळची आहे पण गोत म्हटलं की भाऊबंद आले, त्यापेक्षा गाचाचाच ठेवा. मी सरळ "मारेकऱ्यांनी कबुली दिली, शिक्षा घटली" लिहिलं असतं, आणि सलोखा हा शब्द सरकारच्या उद्देशाबद्दल बोलताना वापरला असता.